उपास आज की उद्या?

वर्षातून दोन-तीनदा तरी एकादशीच्या सुमारास ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत हा प्रश्न निघतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात एका चौकटीत स्मार्त एकादशी छापलेली असते आणि लगेच पुढच्या चौकटीत भागवत एकादशी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी विचारतं, कुणी देवळातल्या गुरुजींना फोन लावतं, आणि शेवटी एखादा वैतागून लिहितो की आपल्या लोकांना साधी एक तारीखसुद्धा धड ठरवता येत नाही. हा वैताग मी अनेक सुशिक्षित, समंजस माणसांकडून ऐकला आहे आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. दोन तारखा येतात त्या नेमकेपणातून येतात. एका आकाशाला दोन वेगळे प्रश्न विचारले की दोन उत्तरं मिळणारच. सगळ्यांची तारीख एक करण्यापेक्षा आपल्या तारखेमागचं कारण प्रत्येकाला माहीत असणं अधिक गरजेचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात तिथीपासूनच करायला हवी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल सारखी नसते. पृथ्वीजवळ असताना तो भराभर जातो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी साडेसव्वीस तासांच्याही पुढे जाते. ती भर दुपारी सुरू होईल किंवा पहाटे तीनला संपेल. आपला वार मात्र सूर्योदयाला बदलतो आणि सरकारी तारीख मध्यरात्री. या तीन मापांचे सांधे कधीच जुळत नाहीत. म्हणूनच एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि तिची वृद्धी होते, तर एखादी दोन सूर्योदयांच्या मध्येच येऊन जाते आणि तिचा क्षय होतो.

मग तिथी धरायची कुठल्या दिवशीची? सूर्योदयाला असेल ती, हे उत्तर सोपं आहे. पण पुरेसं नाही, कारण प्रत्येक व्रताचा आपला असा एक क्षण असतो. संकष्टीचा क्षण चंद्रोदयाचा, विनायकीचा मध्यान्हाचा, प्रदोषाचा सूर्यास्तानंतरचा, महाशिवरात्रीचा मध्यरात्रीचा. ज्या वेळी ते कर्म करायचं, त्या वेळी जी तिथी चालू असेल ती धरायची. याला कर्मकालव्यापिनी तिथी म्हणतात. एवढं एक तत्त्व नीट समजलं तरी निम्म्या शंका जागीच मिटतात. कॅलेंडरात तृतीया छापली असताना संकष्टी कशी, असं दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. सूर्योदयाला तृतीया असते, ती दुपारी किंवा संध्याकाळी संपते, आणि रात्री चंद्र वर येतो तेव्हा चतुर्थी लागलेली असते. म्हणून संकष्टी त्या दिवशी. चतुर्थी दोन्ही रात्रींच्या चंद्रोदयाला असेल तर काय? तर पहिला दिवस. दोन्ही रात्री चुकवून गेली तर? मग दुसरा. या शक्यता शास्त्रकारांनी आधीच मांडून ठेवल्या आहेत.

आणि हे काम करणाऱ्यांत आपली माणसं मोठ्या संख्येनं होती, हे आपण विसरलो आहोत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानं ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांना आणि काळाच्या निर्णयाला पानंच्या पानं दिली. मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये काशीत ‘निर्णयसिंधू’ पुरा केला. पंढरपूरला राहून काशीनाथशास्त्री उपाध्ये, म्हणजे बाबा पाध्ये, यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधू’ लिहिला, आणि आजही आपल्या पंचांगांतले बहुतेक निर्णय त्याच्या आधारानं होतात. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पाचवा खंड लिहिताना व्रतं, उत्सव आणि काळ या विषयांचा सगळा पसारा तपासून मांडला. ही सगळी मंडळी मतभेद दडपत नव्हती. एका ग्रंथकाराचं मत काय, दुसऱ्याचं काय, आपण कुठलं घेतो आणि का, हे ती लिहून ठेवत होती. आपण घेतला तो शेवटचा आकडा. ‘का’ मात्र मागेच राहून गेला.

एकादशीच्या दोन तारखांचा उलगडा याच ‘का’मध्ये आहे. स्मार्तांची कसोटी सूर्योदयाची. वैष्णव त्याआधी चार घटका, म्हणजे सुमारे शहाण्णव मिनिटं, मागे जातात. त्या अरुणोदयाच्या वेळी दशमी रेंगाळत असेल तर त्यांच्या लेखी ती एकादशी दशमीनं विद्ध झाली. मग उपास दुसऱ्या दिवशी. वारकरी हीच भागवत एकादशी पाळतात. एकाच घरात गळ्यात माळ असलेली आजी उद्या उपास करते आणि मुलगा आज करतो, तेव्हा दोघांपैकी कुणीच चुकलेलं नसतं. कल्याणहून एक गाडी कसाऱ्याला जाते आणि एक कर्जतला. म्हणून वेळापत्रकात घोळ आहे असं आपण म्हणत नाही, कुठे उतरायचं आहे ते आधी विचारतो. एकादशीलाही तोच प्रश्न आधी विचारायचा.

यापेक्षा मोठी फारकत कोकणातल्या माणसांना ठाऊक असते. ठाणे-डोंबिवलीत रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेली घरं पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही टिळक पंचांग मानतात. एखाद्या वर्षी शेजारच्या घरी गणपती यायला महिना असतो तेव्हा त्यांच्याकडे विसर्जनही होऊन गेलेलं असतं. याचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या पंचांग सुधारणेच्या वादात आहे. तोवर आपली पंचांगं मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. तो ग्रंथ अद्भुतच आहे; त्रिकोणमितीची किचकट कोष्टकं टाळून ग्रहगणित साध्या आकडेमोडीवर आणणारा. पण तीन-साडेतीनशे वर्षांत गणित आणि आकाश यांच्यात अंतर पडलं होतं. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ते ओळखलं आणि १८६५ पासून प्रत्यक्षाशी जुळणारं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून या विद्येचा सगळा इतिहास मराठीत आणला. लोकमान्यांनी या प्रश्नावर १९०४ ला मुंबईत पंचांग परिषद भरवण्यात पुढाकार घेतला. गणित दुरुस्त करायचं यावर मतं जुळत गेली, पण राशिचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा यावर जुळली नाहीत. टिळक पक्षानं रेवतीच्या ताऱ्याला धरलं, तर इतरांनी चित्रेला. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याची चारेक दिवसांची वाट. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते.

ज्या चांद्रमासात एकही संक्रांत होत नाही तो अधिक मास. संक्रांती चार दिवस सरकल्या की रिकामा महिनाही कधीकधी बदलतो, आणि मग भाद्रपदच महिनाभर आधी येतो. पण इथे एक सुंदर गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. तिथी म्हणजे चंद्र वजा सूर्य. आरंभबिंदू कुठलाही घ्या, वजाबाकीत तो दोन्हीकडून निघून जातो. म्हणजे महिन्याच्या नावावरून दोन पंचांगं भांडली तरी आज रात्री चतुर्थी आहे की नाही, यावर त्यांचं भांडण होऊच शकत नाही. टिळकवाल्याची संकष्टी आणि सोलापूरच्या दाते पंचांगाची संकष्टी एकाच रात्री असते. मतभेद नावाचा असतो, चंद्राचा कधीच नसतो.

हाच प्रकार श्रावणाचा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेचा पौर्णिमेला. कल्याण पूर्वेतल्या उत्तर भारतीय घरांत सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण आषाढाच्या अमावास्येनंतर लागतो आणि राखीनंतरही पंधरा दिवस चालतो. त्यामुळे ठाण्याच्या कौपिनेश्वराला किंवा अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात सोमवारची गर्दी महिनाभर न राहता दीड महिना राहते. आधी त्यांचे सोमवार, मग दोघांचे, मग आपले. महाशिवरात्र मात्र एकाच रात्री, जरी आपण तिला माघातली म्हणतो आणि ते फाल्गुनातली. मुंब्रा आणि भिवंडीतला रमजानही चंद्राच्याच हिशेबानं चालतो, फक्त त्या गणनेत अधिक मास नाही. म्हणून तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपण साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना वाढवतो, म्हणून आपला श्रावण पावसातच राहतो. एका इमारतीच्या चार मजल्यांवर असे चार हिशेब शांतपणे नांदतात. अनेक पंचांगांमुळे समाज फुटतो, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी आपल्या उपनगरांतला श्रावण नीट पाहावा.

तरीही एकच तारीख असावी ही मागणी नवी नाही आणि ती करणारे लहान लोकही नव्हते. स्वातंत्र्यानंतर देशात तीसएक पंचांगं चालू होती. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोन मराठी अभ्यासक होते. समितीचा अहवाल १९५५ मध्ये आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारी कामासाठी सौर महिने ठरवण्याचा विचार शहाणपणाचा होता, आणि साहांच्या शास्त्रीय तळमळीविषयी मला मनापासून आदर आहे. पण धार्मिक तिथींसाठी समितीनं साऱ्या देशाचा एक मध्यबिंदू कल्पिला: रेखांश साडेब्याऐंशी अंश, अक्षांश उज्जैनचा. सगळ्यांचा सूर्योदय तिथला. सार्वजनिक सुट्ट्यांसाठी ते चालेल. उपासाला मात्र ते लागू पडत नाही. संकष्टीचा उपास चंद्र पाहून सोडायचा असतो, आणि तो चंद्र आपल्या क्षितिजावर यावा लागतो.

ठाणे त्या मध्यरेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे अडतीस मिनिटं मागे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, त्यानंतर गावागावांची आपापली वेळ हळूहळू मागे पडली. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत तग धरून होता. तो एकोणचाळीस मिनिटं मागे असे आणि सूर्याच्या जवळ असे. आज आपल्याकडचा खरा मध्यान्ह वर्षाचा बराचसा काळ घड्याळात साडेबारा उलटल्यावर होतो. रामनवमीला अनेक ठिकाणी बाराच्या ठोक्याला पाळणा हलतो. पंचांगातला जन्मकाळ मात्र अर्ध्या तासाहून पुढे असतो. नागपूरचा चंद्र आपल्याआधी वीस-पंचवीस मिनिटं उगवतो. चतुर्थी नेमकी त्या मधल्या वेळेत सुरू होणार असेल, तर नागपूरची संकष्टी एका दिवशी आणि ठाण्याची दुसऱ्या दिवशी, असंही क्वचित घडू शकतं. अमेरिकेत राहणाऱ्या मुलानं इथली तारीख विचारून उपास करावा की नाही, याचं उत्तर यातच आहे: तिथी तीच, पण सूर्योदय आणि चंद्रोदय त्याच्या गावचे. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये दिल्ली निवडलेली राहिली तर डोंबिवलीच्या माणसाला कधीकधी अर्ध्या तासाहून अधिक चुकीची वेळ मिळते. अशा चुका माणसांच्या लक्षात येत नाहीत, कारण आकडा पडद्यावर आला की खिडकीकडे जायची गरज वाटत नाही.

आणि खिडकीकडे जायलाच हवं, असं मला वाटतं. भाद्रपद-आश्विनात संकष्टीचा चंद्र साडेआठ ते नऊच्या दरम्यान येतो, चैत्र-वैशाखात दहाच्या पुढेमागे. तिथी तीच, मग हा तास-सव्वा तासाचा फरक का? कारण वर्षभरात चंद्राच्या मार्गाचा क्षितिजाशी होणारा कोन बदलतो. शरदात तो रोज थोड्याच उशिरानं उगवतो, वसंतात जास्त. जी बाई वर्षानुवर्षं संकष्टी करते तिला हे अनुभवानं माहीत असतं. वैशाखातली संकष्टी लांबते, असं ती सहज बोलून जाते. ही निरीक्षणातून आलेली माहिती आहे, आणि शाळेच्या भूगोलात ती शिकवली जात नाही.

आता उपास करणाऱ्या माणसाकडे वळायला हवं, कारण हा सगळा काटेकोरपणा त्याच्या, आणि मुख्यतः तिच्या, अंगावर येतो. पहाटे उठून डब्याची भाजी-पोळी, उपासाची खिचडी, मग लोकल, मग ऑफिस, आणि रात्री चंद्र उगवायच्या वेळी ती बहुधा मुलुंड-दिव्याच्या दरम्यान दारात उभी. घरी येऊन नैवेद्याचा सगळा स्वयंपाक, आणि तो झाल्यावर पहिला घास. अंगारकीला पहाटेपासून टिटवाळ्याच्या गाडीत जी गर्दी असते तिच्यात अशा बायका मोठ्या संख्येनं असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यावर लादलेल्या कडकपणाबद्दल नाही. कारण ज्या ग्रंथांनी चंद्रोदयाची घटका ठरवली, त्याच ग्रंथांनी माणसाच्या शरीराचाही हिशेब ठेवला आहे. उपास हा एकच प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. एकभुक्त म्हणजे दिवसा एकदा जेवण, नक्त म्हणजे रात्री एकदा, अयाचित म्हणजे न मागता मिळेल ते. उपवास त्यांतला शेवटचा. एकादशीची सक्ती आठ वर्षांखाली नाही आणि ऐंशीनंतर नाही. आजाऱ्याला सूट आहे. औषधानं व्रत मोडत नाही, हे तर स्पष्टच सांगितलं आहे. मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर रिकाम्या पोटी राहणाऱ्या, किंवा दोन वाट्या साबुदाणा खाऊन साखर वाढवून घेणाऱ्या बायकांना हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

अंबरीषाची कथा मला या संदर्भात फार मोलाची वाटते. द्वादशी संपत आली होती, दुर्वास स्नानाला गेलेले परतत नव्हते, आणि पारणं द्वादशीतच व्हायला हवं होतं. राजा पाणी प्यायला. पाणी पिणं म्हणजे खाणंही आणि न खाणंही. पारणं झालं आणि अतिथीआधी जेवल्याचा दोषही टळला. दुर्वास रागावले, पण कथेनं बाजू घेतली ती राजाची. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या बाईनं चंद्रोदयाची वेळ झाल्यावर बाटलीतल्या पाण्यानं उपास सोडला आणि नैवेद्य घरी गेल्यावर दाखवला, तर तिच्या पाठीशी एवढी जुनी कथा उभी आहे. तिला कुणाची परवानगी मागायची गरज नाही.

परंपरेत काय जुनं आणि काय नवं, याचाही आपला अंदाज बहुधा उलटा असतो. खिचडीतला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाण्याचा धंदा १९४० च्या दशकात उभा राहिला. बटाटा, मिरची, शेंगदाणा, हे सगळे समुद्रापलीकडून आलेले. बाबा पाध्यांच्या पानात ही खिचडी नव्हती. तरी आज तिच्याशिवाय उपासाची कल्पना करवत नाही, आणि खिचडीत कोथिंबीर चालते का यावर घराघरांत वाद होतात. उलट ज्या तिथीनिर्णयाला आपण गोंधळ म्हणतो, तो निदान सात-आठ शतकं त्याच तत्त्वांवर उभा आहे. ताट बदललं, पण काळाची कसोटी तशीच राहिली. खाण्यापिण्याच्या नियमांत आपण जितके हट्टी आहोत त्याच्या निम्मं कुतूहल जरी काळाच्या नियमांत दाखवलं, तरी खूप होईल.

ते कुतूहल जागं ठेवणारी माणसं आपल्याजवळ आहेत. ठाण्याचे दा. कृ. सोमण वर्षानुवर्षं वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून पंचांगाचं गणित साध्या मराठीत सांगत आले आहेत. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानानं पंचवीसेक वर्षांपूर्वी पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. म्हणजे तिथीला रस्त्यावर आणण्याची ताकद या गावांत नक्की आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. अशा संस्थांनी पाडव्याला पंचांगवाचन ठेवावं आणि त्यात पर्जन्ययोगांबरोबर हेही वाचून दाखवावं, की येत्या वर्षात कुठल्या एकादश्या दोन आहेत आणि कशामुळे, कुठल्या संकष्टीला दिवसा तृतीया आहे, कुठल्या महिन्यात संक्रांत नाही.

कॅलेंडर छापणाऱ्यांकडेही माझी एवढी एकच मागणी आहे. चौकटीत जागा कमी असते हे मान्य. पण पाठीमागच्या पानांवर रेसिपी आणि राशिभविष्य मावतं, तर तारखेचं कारणही मावेल. चतुर्थी किती वाजता लागली, ठाण्याला चंद्र किती वाजता उगवला, म्हणून संकष्टी आज. अरुणोदयाला दशमी होती, म्हणून भागवत एकादशी उद्या. प्रत्येक उपासामागे अशी एक ओळ छापली, तर ज्याला आज करायचा तो आज करील, ज्याला उद्या करायचा तो उद्या, आणि ज्याला करायचाच नाही त्यालाही शेजारी दोन दिवस वेगवेगळे का धरतात ते समजेल.